सिहोऱ्याच्या दारात बाबा

भंडाऱ्याला कशाला गेला होतात, तिकडे पाहण्यासारखं काय आहे, असं परत आल्यावर मला चौघापाचजणांनी विचारलं. तलाव आहेत, असं मी सांगितलं. धानाची शेतं आहेत, आणि दिवाळीनंतर गावोगावी भरणारी मंडई नावाची जत्रा आहे. हे सगळं खरंच आहे. पण मी काही पाहायला गेले नव्हते. माझ्या वडिलांना घेऊन गेले होते, आणि ते नेमके कशासाठी निघाले होते, हे मला निम्मा प्रवास होईपर्यंत ठाऊक नव्हतं.

माझे वडील सुखदेव लांजेवार. नाव वाचून बहुतेकांना काही आठवणार नाही. फोटो दाखवला तर म्हणाल, अरे, हे ते… ते नाही का. चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं. सिनेमात हवालदार, नवरीचा मामा, ऑपरेशन थिएटरमधून बाहेर येऊन मान हलवणारा डॉक्टर. रंगभूमीवर मात्र त्यांना जागा होती. दिग्दर्शक म्हणायचे, दोन प्रवेशांचं काम असेल आणि ते लोकांच्या लक्षात राहायला हवं असेल, तर लांजेवारांना बोलवा.

ते पुण्याला आले तेव्हा बावीस वर्षांचे होते, आणि त्यांना ‘ळ’ म्हणता येत नव्हता. त्यांच्या गावच्या बोलीत तो नाहीच. डोळ्याला डोरा म्हणतात, दिवाळीला दिवारी. तालमीत लोक हसले, तेव्हा त्यांनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर शब्द लिहून काढले. काळा, पिवळा, कळवळा, आभाळ. आई सांगायची, लग्नानंतरही कितीतरी दिवस सकाळी न्हाणीघरातून पाण्याच्या आवाजासोबत ते शब्द ऐकू यायचे. मी मोठी होईपर्यंत त्यांची भाषा इतकी घोटीव झाली होती की आमच्या सोसायटीत कोणी त्यांना सदाशिव पेठेतलेच समजायचं. घरात गावचा विषय निघत नसे. आत्याच्या अंत्यविधीलाही ते गेले नाहीत. तालीम आहे, एवढंच म्हणाले.

दोन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात अधू झाला आणि वाचा गेली. चार महिन्यांनी शब्द परत यायला लागले, पण पुण्यात कमावलेले नव्हेत. एका दुपारी ते स्पष्ट म्हणाले, “मले पानी दे.” मी पाणी दिलं आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. भाषोपचार करणाऱ्या बाई म्हणाल्या, जे येतंय ते येऊ द्या, सुधारू नका. पुढे वाक्यं वाढली, तुटक तुटक. मला निम्मी कळायची. एक मात्र रोज यायचं. “मोती कोठी हाये?” मोती म्हणजे बैल असेल, कुत्रा असेल, असं मला वाटलं. शेवटी दिवाळी संपल्यावर मी शाळेतून रजा घेतली आणि बाबांच्या गावी, सानगडीला, वच्छलावहिनींना फोन केला.

सानगडी

नागपूरहून गाडी केली होती. साकोली सोडल्यावर दोन्ही बाजूंना धान कापलेल्या बांध्या लागल्या. बांधी म्हणजे बांधांनी अडवलेला शेताचा चौकोन. त्यांत कापलेल्या धानाचे भारे पडलेले, आणि मधूनच पाणी चमकायचं, कधी मोठा तलाव, कधी शेताच्या कोपऱ्यातली छोटी बोडी. बाबा काचेला नाक लावून बसले होते. पुण्याहून निघाल्यापासून ते एकही शब्द बोलले नव्हते.

वच्छलावहिनी म्हणजे माझ्या आतेभावाची बायको. मी त्यांना आयुष्यात दुसऱ्यांदा भेटत होते. त्या डोक्यावरचा पदर सारखा करत बाहेर आल्या, बाबांच्या पाया पडल्या आणि म्हणाल्या, “मामाजी, बहुत दिवस लावले जी.”

बाबा म्हणाले, “हाव.”

बस, एवढंच. कोणी त्यांना कसे आहात म्हणून विचारलं नाही, की आठवतंय का म्हणून परीक्षा घेतली नाही. पुण्यात भेटायला येणारे लोक त्यांच्यापुढे मोठ्यानं आणि हळूहळू बोलतात, जणू ते बहिरे झालेत. इथे संध्याकाळपर्यंत दहाबारा माणसं येऊन अंगणात बसून गेली. “बसाले आलो,” म्हणायचं आणि बसायचं. कोणी तंबाखू मळायचं, कोणी धानाच्या भावाचं बोलायचं. मध्येच बाबा एखादा शब्द टाकायचे, आणि तो ज्याचा त्याला पोचायचा. एकदा ते म्हणाले, “पुंजना.” मी वहिनींकडे पाहिलं. “धानाचे भारे रचून ठेवतेत नं, तो,” वहिनी म्हणाल्या, “बांधला का म्हून विचारून राहिले.” हा प्रश्न बाबांनी पुण्यातही कितीदा तरी विचारला असेल. थंडी वाजतेय असं समजून मी त्यांना दर वेळी पांघरूण आणून दिलं होतं.

जेवायला नव्या तांदळाचा भात, वरण आणि उडदाचे वडे होते. नव्या तांदळाचा भात इतका मऊ आणि चिकट होता की मी पुन्हा मागून घेतला. जेवण झाल्यावर बाबा आडवे झाले, आणि मी वहिनींना मोतीबद्दल विचारलं.

त्या भांडी घासत होत्या. हात थांबला. “मोतीराम,” त्या म्हणाल्या. “मामाजीचा दोस्त. दोघं संगं मंडईत दंडार करत, सोंगं घेत. पन तो अठी नाई आता. सिहोऱ्याले राहते. गाव सोडलं त्यानं.”

“का?”

“तुमाले नाई मालूम?” त्यांनी माझ्याकडे नवलानं पाहिलं. मग आपल्या सासूकडून, म्हणजे माझ्या आत्याकडून, ऐकलेलं सगळं सांगितलं.

बाबांची सर्वांत गाजलेली भूमिका मी लहानपणी विंगेत बसून कितीदा पाहिली होती. एक म्हातारा शेतमजूर. तो अडखळत बोलतो, म्हणून कोणाच्याही दारात शिरण्याआधी उंबऱ्याबाहेर उभा राहून आपलं वाक्य ओठातल्या ओठात म्हणून पाहतो, तळहात धोतराला पुसतो, आणि मगच हाक मारतो. प्रवेश दोनच होते. पहिल्यात लोक हसायचे, दुसऱ्यात रडायचे. त्या नाटकानं बाबांना नाव दिलं. पुढे ते टीव्हीवर आलं.

तो म्हातारा बाबांनी रचलेला नव्हता. तो मोतीरामचा बाप होता. बुधाजी. सानगडीतच राहायचा, तसाच अडखळायचा, तसाच उंबऱ्यात उभा राहून हात पुसायचा. ज्या दिवशी नाटक टीव्हीवर लागलं, त्या दिवशी गावात एकच टीव्ही होता आणि गावच्या पोराचं काम आहे म्हणून सगळं गाव त्याच्यासमोर जमलं होतं. बुधाजीही होता. बाबा पडद्यावर दारात येऊन उभे राहिले आणि त्यांनी हात पुसला. मग सगळं गाव हसलं.

“आत्यानं बाबांना कळवलं होतं?”

“कागद लिवला होता सासूबाईनं,” वहिनी म्हणाल्या. “तवापासून मामाजी आले नाईत.”

सानगडी ते सिहोरा

सकाळी मी बाबांना म्हटलं, “मोतीरामकाका सिहोऱ्याला आहेत. जायचं?”

ते काठी घेऊन थेट गाडीत जाऊन बसले. चहाही घेतला नाही.

सिहोरा जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. साकोलीहून वैनगंगेचा पूल, भंडारा, मोहाडी, तुमसर, असा मोठा पल्ला. मला वाटेत बाबांशी बोलायचं होतं. वहिनींनी मला सांगितलंय, असं मी म्हटलंही. ते बाहेर पाहत राहिले. मला राग आला होता, हे इथे लिहून टाकते. मी पंचवीस वर्षं वर्गात मुलांना त्या भूमिकेबद्दल अभिमानानं सांगत होते. निरीक्षण म्हणजे काय, याचं उदाहरण म्हणून.

मोहाडीच्या पुढे रस्त्याचं काम चालू होतं, म्हणून चालकानं गाडी आंधळगावकडून घातली आणि गावाबाहेर चाक पंक्चर झालं. पंक्चरच्या दुकानातला माणूस चाक काढता काढता बाबांकडे पुनःपुन्हा पाहत होता. मग हात पुसत आला.

“तुमी सिनेमात हवालदार राहता नं?”

बाबांनी मान हलवली.

“एखांदा डायलाग म्हना नं जी. माह्या बायकोले फोनवर आयकवतो.” त्यानं फोन पुढे धरला.

मी पुढे होऊन सांगणार, तोच बाबांनी मला हातानं थांबवलं. काठी माझ्याकडे दिली. टाचा जुळवल्या, पोट आत घेतलं, आणि अधू उजव्या हातानं जमेल तितका वर नेऊन कडक सलाम ठोकला. हात कपाळापर्यंत पोचला नाही. कानाशीच थांबला. तो माणूस फोन धरायचा विसरला. त्यानंही सलाम केला आणि चाकाकडे परत गेला. बाबांना बसायला स्टुलावर अंथरलेला गमछा त्यानं आम्ही निघताना झटकून खांद्यावर टाकला आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभा राहिला.

पुढच्या रस्त्यावर माझा राग जरा उतरला होता. पूर्ण गेला नव्हता.

सिहोरा

मोतीरामांचं घर गावाच्या कडेला, शेताला लागून होतं. गेट नव्हतं, बांबूची ताटी होती. ती उघडीच होती. पलीकडे खळ्यात मळून झालेलं धान, तणसाचा म्हणजे पेंढ्याचा ढीग, त्याच्या बाजूला दोन म्हशी. समोर घराचा उंबरा. माणूस कोणी दिसत नव्हतं.

मी हाक मारणार होते. बाबा म्हणाले, “थांब.”

ते एकटे उंबऱ्यापर्यंत गेले आणि थांबले. त्यांचे ओठ हलायला लागले. एक वाक्य ते पुटपुटत होते, चुकत होते, पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होते. मग त्यांनी तळहात पँटला पुसला.

ते दृश्य मी विंगेतून पाहत आले होते. दिवे, संगीत, सगळं मला पाठ होतं. पण आता बाबा कोणाची नक्कल करत नव्हते. त्यांना खरोखरच बोलता येत नव्हतं, आणि त्यांच्या हाताला घाम आला होता. पाहणारी मी एकटीच होते. मी दुसरीकडे तोंड फिरवलं.

“कोन गा?”

आवाज घरातून नाही, मागच्या गोठ्याकडून आला. उंच, वाळलेला, डोक्याला पंचा गुंडाळलेला एक म्हातारा हातात बादली घेऊन उभा होता.

“मी,” बाबा म्हणाले. “मी… सु… सु…”

म्हाताऱ्यानं बादली खाली ठेवली. “सुखदेव,” तो म्हणाला. “उमजलं. तू उभा राह्यलास तवाच उमजलं. मले वाटलं, बाबूच आला.” बाबू म्हणजे त्याचा बाप, बुधाजी.

त्यानं आत या म्हटलं नाही. भिंतीला उभी केलेली बाज अंगणात आडवी टाकली आणि म्हणाला, “बसा.” मला वेगळं म्हणाला, “बस माय.” स्वतः मात्र उभाच राहिला.

बाबा बसले नाहीत. पुटपुटून तयार केलेलं वाक्य त्यांना म्हणायचं होतं. त्याला किती वेळ लागला, सांगता येणार नाही. मधे एकदा म्हैस हंबरली आणि त्यांना पुन्हा सुरुवातीपासून म्हणावं लागलं.

“बुधाजीले… मी… विकलो. लोकायच्या… हासन्यासाठी… विकलो.”

मोतीरामांनी डोक्याचा पंचा सोडला. मग खाली उकिडवे बसले आणि जमिनीकडे पाहत बोलायला लागले.

“बाबूले लोकायनं एकदम समोर बसवलं होतं. काहून का त्याच्या मांडीवर खेरलास तू. तू दारात आलास, हात पुसलास, अना सारे हासले. बाबू बी हासला. मी मांगं होतो. मी नाई हासलो. घरी आल्यावर मले म्हने, सुखदेवानं मस्त केलं, पन हात चुकला त्याचा. उजव्या हातात माही काठी राहते, मी डावा हात पुसतो.”

बाबांनी आपल्या हातांकडे पाहिलं.

“मग?” मी विचारलं.

“मंग पोट्टे त्याची नक्कल कराले लागले. कोनाच्या दारात उभा राह्यला का आतमंदून हासनं आयकू ये. बाबूनं लोकायच्या घरी जानं सोडून देलं. बोलनं बी. ढोराशी बोले, तेवढंच. तीन वर्सानं गेला.” त्यांनी जमिनीवरचं तणस बाजूला सारलं. “मले त्या गावात राहवलं नाई. बायकोचं माहेर अठी होतं, अठी आलो.”

मग पहिल्यांदा त्यांनी बाबांच्या तोंडाकडे पाहिलं. “तुले खबर धाडली होती बाबू गेल्याची. काहून नाई आला?”

“भेव,” बाबा म्हणाले.

“माहा?”

“साऱ्याचा.”

“हाव,” मोतीराम म्हणाले. “माफ केलं म्हनाले मी बाबू नोहो. त्याचं त्याच्यासंगं गेलं. माहा राग मातर माहा आहे. तो आहेच अजून.” ते उठले. “जेवून जा. मासोऱ्या आनल्या आहेत.”

त्यांच्या सुनेनं ओसरीवर पानं घेतली. भात, तलावातल्या माशांचा लालभडक रस्सा, आणि लाखोरी नावाच्या कडधान्याच्या वाळवून ठेवलेल्या पाल्याची भाजी. बाबा डाव्या हातानं जेवतात. माशाचे काटे त्यांना काढता येत नाहीत, म्हणून पुण्यात आम्ही मासे करणंच सोडलंय. मी त्यांच्या ताटाकडे हात नेणार, तेवढ्यात शेजारी बसलेल्या मोतीरामांनी त्यांचं ताट आपल्याकडे ओढलं. सगळे काटे वेचून काढले, मासा कुसकरून भातात कालवला आणि ताट परत सरकवलं. त्यांच्याकडे पाहिलंही नाही. दोघं खाली मान घालून जेवले.

हात धुताना मोतीराम म्हणाले, “उद्या सानगडीची मंडई नं?”

मी हो म्हटलं.

“येतो मी संगं. तीस वर्सं झाले असतीन.” मग सुनेकडे वळून, “माहा धुतलेला सदरा काढून ठेवजो.”

पुन्हा सानगडी

मंडई म्हणजे जत्राच, पण देवापेक्षा माणसांसाठी भरणारी. आजूबाजूच्या गावांतले पाहुणे येतात, घरोघरी जेवणं होतात. पुण्यात दिवाळी दार लावून साजरी होते, इथे दिवाळीनंतर सगळं गाव दार उघडून बसतं. जिलबीच्या कढया, बांगड्यांची दुकानं, आकाशपाळणा, आणि एका मोकळ्या जागेत दुपारची दंडार. दंडार म्हणजे नाच, गाणी आणि सोंगं मिळून होणारा खेळ. आता तिथे लाऊडस्पीकर आलाय, बाकी जुनंच असावं.

दोन म्हातारे गर्दीतून चालले होते आणि मी मागे. लोक बाबांना पाहून पुढे येत, आणि मोतीरामांना ओळखून थबकत. बाबांच्याच वयाचा एकजण मोतीरामांना म्हणाला, “तू बी आलास?” आणि त्यानं त्यांचा दंड धरून ठेवला.

दंडार भरवणाऱ्या मंडळाच्या लोकांनी बाबांसाठी शाल आणली होती. मला हे आधी सांगितलं असतं तर मी नको म्हटलं असतं. एका तरुण माणसानं माईकवर बाबांची ओळख करून दिली, त्या नाटकाचा उल्लेख केला, आपल्या मातीचा कलावंत वगैरे म्हणाला, आणि दोन शब्द बोला म्हणून माईक बाबांपुढे धरला. बाबांनी तोंड उघडलं. काही आलं नाही. लोक वाट पाहत होते. मी पुढे जायला उठले.

त्याआधीच मोतीरामांनी माईक घेतला.

“याले बोलता येत नाई आता,” ते म्हणाले. “मी बोलतो. ज्या कामाची शाल देऊन राह्यले, ते काम माह्या बाबूचं होतं. बुधाजीचं. याच गावात राहे. तुमच्यातले बहुत जन त्याच्यावर हासले. मी नावं नाई घेत. याले शाल द्या, मी नाई म्हनत नाई. पन अगुदर बुधाजीचं नाव घ्या.”

स्पीकर खरखरत राहिला. पुढे बसलेल्या म्हाताऱ्यांपैकी दोघातिघांनी माना खाली घातल्या. तो तरुण माणूस गोंधळून गेला होता. बुधाजी कोण, हे त्याला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पण त्यानं माईक परत घेतला, नाव पुन्हा विचारून घेतलं आणि नीट म्हटलं, “कैलासवासी बुधाजी यांच्या आठवणीत.” मग शाल बाबांच्या खांद्यावर घातली. बाबांनी ती काढली आणि मोतीरामांच्या हातात दिली. मोतीरामांनी तिची घडी केली, काखेत मारली आणि खाली बसले. टाळ्या झाल्या नाहीत. मला वाटतं, ते बरंच झालं.

मग दंडार सुरू झाली. ढोलकी वाजली, नमनाचं गाणं लागलं. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की बाबा गातायत. एकही शब्द न अडता, पहिल्या कडव्यापासून शेवटपर्यंत. गाण्यात वाचा मोकळी होऊ शकते, असं त्या भाषोपचारवाल्या बाई म्हणाल्या होत्या. आम्ही पुण्यात भावगीतं लावून पाहिली होती, काही झालं नव्हतं. खेळ संपल्यावर पथकातली दोनतीन माणसं त्यांच्याभोवती जमली. मधली दोन कडवी आता कोणाला येत नाहीत, ती यांना कशी येतात, असं ती मोतीरामांना विचारत होती.

निघायच्या दिवशी मी बॅगा गाडीत ठेवल्या. बाबा अंगणातून उठले नाहीत.

“मी राहतो,” ते म्हणाले.

मी औषधांचं बोलले, फिजिओथेरपीचं बोलले, वहिनींवर भार पडेल असंही बोलले. वहिनी म्हणाल्या, “भार कायचा जी? साकोलीले डाक्टर आहे.” मोतीराम भिंतीला टेकून बसले होते. धानाचं काम सुनेनं आणि लेकानं उरकलंय, आपल्याला आता पंधरा दिवस काही काम नाही, असं ते कोणालाच उद्देशून नाही अशा सुरात म्हणाले. मला तेव्हा कळलं की हे दोघांचं आधीच ठरलं होतं.

गाडी सुरू झाल्यावर बाबा काठी टेकत काचेपाशी आले. “चश्मा,” ते म्हणाले. “वाचाचा. धाडजो.”

घाईत तो पुण्यालाच राहिला होता. पोचले त्याच दिवशी मी तो पार्सल करून पाठवला, सोबत औषधांची चिठ्ठी आणि पथकासाठी कडवी उतरवायला दोन वह्या घातल्या. सहाव्या दिवशी मी शाळेत असताना पार्सलवाल्याचा फोन आला.

“म्याडम, सुखदेव लांजेवार घरी नाईत. घरच्या बाई म्हनते, दंडारीच्या तालमीले गेले. मंग पार्सल कोनाले देऊ?”

“तालमीत नेऊन द्या,” मी म्हटलं.